ठोठावलेलं दार

बेटावरून,
शनिवार

प्रिय रूअरी यास,

आशीर्वाद. हे पत्र मी टाकणार नाही. पण लिहिलं नाही, तर उद्या चर्चमध्ये प्रार्थनेऐवजी तुझ्यावरचा रागच तोंडातून बाहेर पडेल.

अरे शहाण्या, आपल्याच आईच्या घराचं दार ठोठावतात का? तुझ्या एडिंबराला ठोठावत असतील. इथे दार ढकलून, हाका मारत आत यायचं असतं. ठोठावतात ते फक्त पाद्रीबाबा, तेही कुणी गेल्याची बातमी घेऊन. आपला भाऊ अलेक समुद्रात बुडाला, तेव्हा असंच दार वाजलं होतं. तू येणार हे कळवलंही नव्हतंस. बटाटे सोलता सोलता आईने आवाज ऐकला आणि सुरी खाली ठेवली. म्हणाली, "मर्दो, आपला रूअरी गेला रे!" आणि तू दारात हसत उभा. "काय गं आई, भूत बघितलंस की काय?"

दोन दिवस राहून तू बोटीने गेलास. तेव्हापासून तिने दाराला दगड लावून ते सताड उघडं ठेवलंय. "पुन्हा आला, तर ठोठावायला नको त्याला," म्हणते. वारा चुलीतली राख घरभर उडवतो, ती रात्रभर खोकते. मी दार लावलं की ती उठून उघडते. अगदी वैतागलोय रे मी.

आज शेजारच्या डोनल्डची मेंढी थेट आत येऊन चुलीपाशी बसली. मी काठी घेऊन उठलो, तर आई म्हणाली, "बसू दे तिला. ती तरी घरच्यासारखी आत आली."

तुझा मोठा भाऊ,
मर्दो