काचेवरची पांढरी रेघ

ल लॉक्ल, दि. १२ जानेवारी १९९९

ती. ओदेतताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सॉसेज दोन्ही पोचलं. सॉसेज संपलं, पत्राला आज उत्तर देतोय, यावरून तुझा भाऊ बदललेला नाही हे ओळख. इथे बर्फ खिडकीला टेकलाय, पण ऊन आहे. तुमच्या पायेर्नात दोन आठवडे धुकं हटलं नाही असं रेडिओवर ऐकलं. आम्ही डोंगरातली माणसं उन्हाचा माज करतो असं तू म्हणतेस. करतो खरा. दुसरं माज करण्यासारखं काही उरलेलं नाही.

डिसेंबरात मी निवृत्त होतोय. एक्केचाळीस वर्षं घड्याळांच्या तबकड्या काढल्या, आता भिंग लावूनही बारीक अंक दुहेरी दिसतात. कंपनीला दोन वर्षांपासून विमानांचं वेड लागलंय. जुन्या विमानाचं नाव घ्यायचं, त्याच्या उपकरणासारखी तबकडी करायची, पट्ट्यावर रिव्हेट ठोकायचे. गेल्या साली तर सेकंदकाट्याच्या जागी मला पंखा काढायला लावला. घेणाऱ्यांतले किती जण तसल्या विमानाजवळ उभे राहिले असतील कोण जाणे, पण हातोहात खपतात.

आता मुद्द्याचं. जेवणाच्या सुट्टीत माझी जीभ सैल सुटली. दाजींच्या भाड्याच्या कोठारात देवातीन जातीचं एक जुनं लढाऊ विमान आहे आणि चोवीस वर्षं ते त्याला जोडताहेत, हे मी बोलून बसलो. आमच्या विक्रीखात्याच्या साहेबाने तिथल्या तिथे हातातला काटा-चमचा खाली ठेवला. त्याला विमानाचा पत्रा हवाय. पत्र्याच्या नाण्याएवढ्या चकत्या कापायच्या आणि एकेक घड्याळाच्या पाठीत बसवायची. हल्ली ही रीतच पडलीय, गिऱ्हाइकाला खरं विमान मनगटावर पाहिजे असतं. तीनशे घड्याळं करायची म्हणतो. तेवढा पत्रा काढल्यावर विमान उरणार नाही, हे तुला सांगायला नको.

मी तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. विचारून बघतो म्हणालो. जाता जाता एक तरी तबकडी आपल्या घरच्या विमानावरून काढावी हा मोह मलाही झाला, हे तुझ्यापासून लपवत नाही. तू नको म्हणालीस तर विषय संपला.

दाजींना नमस्कार सांग, ओळखलं तर. रागावलीस तरी पत्र लिहीत राहा.

तुझा,
आर्माँ


पायेर्न, दि. ३ फेब्रुवारी १९९९

चि. आर्माँस,
अ. उ. आ.

रागावले नाही. रागवायला ताकद लागते.

गास्तोंचं तेच चाललंय. सकाळी सहाला उठतो, विमानतळावर कामाला जायचंय म्हणून बूट चढवतो. अकरा वर्षं झाली निवृत्त होऊन, हे सांगून मी दमले, म्हणून आता सांगतच नाही. कोठारापर्यंत हाताला धरून नेते. तिथे विमानाजवळ स्टुलावर बसतो आणि नुसता बघतो. गेल्या हिवाळ्यापर्यंत निदान एखादा स्क्रू तरी फिरवायचा. संध्याकाळी मला मॅडम म्हणतो आणि विचारतो की आपल्या बायकोला यायला इतका उशीर का होतोय. मीही सांगते की येईल हो, इतक्यात येईल. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मी माझ्याच घरी माझी वाट बघत बसते.

त्यातच कोठाराचे मालक रापाँ येऊन गेले. माणूस भला आहे, पण त्यांना ऑक्टोबरच्या आत जागा मोकळी हवीय. मुलगा पुन्हा तंबाखू लावतोय, वाळवायला कोठार पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं. वृद्धाश्रमात नाव घातलंय, तिथेही शरद ऋतूत खोली मिळेल म्हणतात. सगळं एकदमच रिकामं करायचं ठरलंय असं दिसतं.

तेव्हा घेऊन जा. कापा, चकत्या करा, काय करायचं ते करा. सह्यांचा अधिकार आता माझ्याकडे आहे, कागद पाठव. गास्तोंला मी काही सांगणार नाही. सांगून कळणार नाही, आणि कळलं तर त्याहून वाईट.

वेग दाखवणाऱ्या उपकरणाचा फोटो तुला लागेल म्हणून काढून पाठवलाय. धूळ पुसली आहे. तुझ्या घरी धूळ कोण पुसतं हे विचारायचं होतं, पण राहू दे.

जीव सांभाळून असावं, बर्फात मिरवू नये.

तुझी,
ओदेतताई


ल लॉक्ल, दि. २२ एप्रिल १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केलेले कागद पोचले. साहेब खूश आहे. ट्रक २० मे रोजी सकाळी येईल.

तबकडीचं चित्र सोबत आहे. बऱ्याच दिवसांनी हाताला गोडी लागली. काळी जमीन, पांढरे अंक, आणि दाजींच्या उपकरणावर आहे तशी लाल रेघ. मूळची रेघ चारच्या जागी येत होती, तिथे तारखेची खिडकी आहे. दोन्ही एकमेकांच्या उरावर बसत होती, म्हणून रेघ दोनकडे सरकवली. आता डोळ्याला तोल बरा वाटतो. फोटोत खालच्या बाजूला काचेवरून कडेवर गेलेला पांढऱ्या रंगाचा एक फराटा दिसला. कुणाचा तरी ब्रश घसरला असावा. तो अर्थातच घेतला नाही.

ताई, तू नक्की विचार केलायस ना? पुन्हा विचारतोय, कारण पहिल्या वेळी मी फार लवकर हो ऐकून घेतलं. रात्री आडवा पडलो की दाजी स्टुलावर बसलेले दिसतात.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
आर्माँ


पायेर्न, दि. २ मे १९९९

चि. आर्माँस,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच.

तुझं चित्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं होतं. लीकची भाजी चिरत होते. गास्तों आला, त्याने चित्र उचललं, खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ बघून विचारलं की हे कोणी काढलंय. मी म्हटलं, आर्माँने. तर म्हणाला की पोराचा हात चांगला आहे, पण हा कोणाचा तरी जीव घेईल.

मग बोलत राहिला. आर्माँ, अर्धा तास बोलला, पूर्ण वाक्यांत. लाल रेघ ही शोभा नव्हे, तिच्यापुढे वेग गेला की पंख तुटतात, ती सरकवणारा तू कोण, असं विचारलं. तोल बघायचा तर जेवणाच्या ताटाचा बघ म्हणावं, असंही म्हणाला. आणि पांढरा फराटा. तो कुणाचा ब्रश घसरून झालेला नाही. लाल रेघ तबकडीवर नसते, वरच्या काचेवर असते. इंजिनाच्या थरथरीने काच हळूहळू फिरते आणि तिच्यासोबत रेघही फिरते, वैमानिकाला पत्ता लागत नाही. म्हणून मेकॅनिक काचेवरून धातूच्या कडेपर्यंत एक पांढरी रेघ ओढतो. रेघ जुळलेली असेल तर काच जागेवर आहे. तुटलेली दिसली तर लाल रेघेवर विश्वास ठेवायचा नाही. ती पांढरी रेघ त्याने स्वतः ओढली होती, आणि तू पुसलीस.

दुसऱ्या दिवशी त्याने पांढऱ्या रंगाची डबी शोधून काढली. आता माझ्या जॅमच्या बरण्यांवर, झाकणापासून काचेपर्यंत, रेघा आहेत. शेगडीच्या बटणांवर आहेत. दाराच्या मुठीवर आहे. सकाळी उठला की सगळ्या तपासतो आणि बरं आहे म्हणून मान हलवतो. संध्याकाळी मी पुन्हा मॅडमच असते, पण सकाळ चांगली जाते.

हा माणूस गेला असं धरून मी सही केली. तो गेलेला नाही, आर्माँ. मला लाज वाटते, आणि तुझीही वाटते, कारण तू मागितलंस. तो जिवंत आहे तोवर त्याचं विमान कापू देणार नाही. तुझी नाचक्की होईल हे कळतं. तरी ट्रक थांबव.

ओदेतताई


ल लॉक्ल, दि. ९ मे १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजींचं म्हणणं खरं आहे. एक्केचाळीस वर्षं मी तोल बघत आलो, काटा काय सांगतो ते बघितलं नाही. इतकं नेमकं मला माझ्या धंद्यात कोणी सुनावलं नव्हतं.

साहेबाला सांगितलं. त्याने सह्यांचे कागद पुढे केले. मी म्हटलं, मग दारात मी उभा राहीन, ट्रक माझ्यावरून ने. हे मी बोललो यावर माझाच विश्वास बसत नाही. तो म्हणाला की मग दुसऱ्या कुठल्या तरी विमानाचा पत्रा घालू, गिऱ्हाइकाला काय कळतंय. मी माझी चित्रं उचलून घरी आणली. आता घड्याळ निघणार नाही. निरोपसमारंभात कोणी टाळ्या वाजवणार नाही, पण भाषणंही टळतील.

लाल रेघ चारवर परत नेली आहे आणि पांढरी रेघ काढली आहे. हे चित्र कंपनीसाठी नाही, दाजींना दाखव. पास केलं का तेवढं कळव.

लोभ पूर्वीसारखा राहील का हे विचारायचं धाडस होत नाही.

आर्माँ


पायेर्न, दि. २४ मे १९९९

चि. आर्माँस,
अ. उ. आ.

लोभ राहील. न राहून कुठे जाणार? मला एकच भाऊ आहे.

चित्र पास. त्याने अंगठ्याच्या नखाने पांढऱ्या रेघेवर टकटक केलं आणि तुला शाबासकी सांगितली.

मग मी ठरवलं, याच्यापासून काही लपवायचं नाही. स्टुलाजवळ बसून सगळं सांगितलं, रापाँ, तंबाखू, ट्रक, चकत्या, माझी सही. तो ऐकत होता की नाही कळेना. मग म्हणाला की विमानाच्या अंगावरचा पत्रा कापून काय मिळणार, तो त्यानेच नवा चढवलाय. हा पत्रा एकदाही आभाळात गेलेला नाही. उडालेला पत्रा कामाच्या टेबलाखाली आहे.

वाकून बघितलं. चोवीस वर्षांत जो जो गंजका, चिरलेला तुकडा त्याने काढला, तो कापडात गुंडाळून, कुठल्या जागेचा ते लिहून, चार पेट्यांत ठेवलाय. मेकॅनिक काही टाकत नाही. आपण दोघं त्याच्या पाठीमागे विमान मोडायला निघालो होतो, आणि नुसतं विचारायचं होतं.

तुझ्या साहेबाला पेट्या दे. विमान त्याच्या जुन्या सोबत्यांनी विमानतळाच्या शेडमध्ये नेऊन ठेवायचं कबूल केलंय. लाल आणि पांढरी रेघ दोन्ही असतील तरच पत्रा मिळेल, असं गास्तोंने नव्हे, मी सांगितलंय म्हणावं.

पेट्या न्यायला स्वतः ये, नीट जेवून जा.

ओदेतताई


ल लॉक्ल, दि. १५ ऑक्टोबर १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्या नंबरचं घड्याळ बाजूला काढून ठेवलं होतं, ते वेगळ्या पाकिटाने पाठवलंय, दाजींसाठी. पाठीत शेपटीजवळचा पत्रा आहे, त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं तो. पहिल्या महिन्यात दुकानांतून अकरा घड्याळं परत आली, काचेवर पांढरा चरा आहे म्हणून. साहेब माझ्याकडे बघत नाही. मी प्रत्येकासोबत समजावणारी चिठ्ठी घालून परत पाठवतोय. निवृत्तीला दहा आठवडे उरले, तेवढ्यांना पुरेल इतकं काम आहे.

आश्रमात दाजी रुळले का? आणि तू?

आर्माँ


पायेर्न, दि. ७ नोव्हेंबर १९९९

चि. आर्माँस,
अ. उ. आ.

धुकं पुन्हा आलंय. कोठार रिकामं झालं, तंबाखू टांगला. घरी एका माणसापुरता स्वयंपाक करता येत नाही, रोज दोघांचा होतो.

घड्याळ घेऊन आश्रमात गेले. गास्तों मला आता सकाळीसुद्धा ओळखत नाही. तुझं घड्याळ मात्र हातात घेऊन उजेडात धरलं, रेघ तपासली आणि काच जागेवर आहे म्हणाला. मनगटावर बांधून घेतलं. किती वाजले ते बघितलं नाही.

मी या वर्षात वाळले आहे, तुला कळवलं नव्हतं. लग्नाची अंगठी बोटात सैल झाली, गरगर फिरते. ते त्याच्या ध्यानात आलं. नर्सकडे पांढरा रंग मागितला. तिने टंकलेखनाच्या चुका झाकायची बाटली दिली. मॅडम, हात द्या म्हणाला. माझा हात उशीवर ठेवून त्याने अंगठीवरून बोटाच्या कातडीपर्यंत एक सरळ रेघ ओढली, हात न थरथरता. मग बजावलं की रोज सकाळी बघायचं. रेघ जुळलेली असेल तर सगळं जागेवर आहे.

मी घरी येईपर्यंत रडले नाही. घरी येऊन रडले.

आज चौथा दिवस. डावा हात पाण्यात घातलेला नाही, भांडी साचली आहेत. पुढच्या रविवारी ये आणि घासून जा, त्याशिवाय जेवण मिळणार नाही.

सकाळी बघितलं. रेघ जुळलेली आहे.

तुझी,
ओदेतताई