तरंगण्याचे सेकंद

४ फेब्रुवारी

चावला! हातमोजा फाडून अंगठ्यात दात रुतवले मेल्याने. क गटातला, पाठीवर पिवळा ठिपका असलेला. मी त्याला शेपटीला धरून हवेतच ठेवला – गरजेपेक्षा बराच जास्त वेळ – आणि मग पाण्यात सोडला. धपकन्. बरं वाटलं.

काम असं. चोवीस पांढरे उंदीर, चार गट – अ, ब, क, ड. रोज सकाळी सुई. आठवड्यातून दोनदा एकेकाला पाण्याने भरलेल्या काचेच्या नळकांड्यात सोडायचं. आधी तो जिवाच्या आकांताने हातपाय मारतो, काचेवर चढू बघतो. मग दमतो. मग नुसता तरंगतो, नाक तेवढं वर. तरंगायला लागला की स्टॉपवॉच दाबायचं, हलला की थांबवायचं. पुस्तकात त्या तरंगण्याला निराशा म्हणतात. औषध चांगलं असेल तर निराशेचे सेकंद कमी होतात. म्हणजे मी एम.फार्म. कशात करते? तर हताश उंदरांच्या मोजणीत!

पप्पा त्यांच्या मेडिकलच्या काउंटरवर येईल त्याला सांगतात, "पोरगी उंदरांना पोहायला शिकवते."

कोणत्या गटाला औषध आणि कोणत्याला नुसतं सलाईन, हे मला कळू द्यायचं नाही, असा माझ्या गाइड मॅडमचा नियम. कळलं की डोळा लबाडी करतो म्हणे. त्यामुळे सुया भरते मॅडमची दुसरी विद्यार्थिनी, पुण्यवती. यादी सीलबंद लिफाफ्यात, लिफाफा मॅडमच्या कपाटात, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. केमिस्ट्रीवाल्यांनी बनवलेलं औषध दिसतं पाण्यासारखं, त्यामुळे सुईकडे बघूनही काही कळत नाही. बघितलं मी.

७ फेब्रुवारी

पुण्यवती हे नाव मीच ठेवलं. सुई टोचायच्या आधी उंदराला "सॉरी हं बाळा" म्हणते. दर वेळी! तीस उंदीर असले तर तीसदा.

प्राणीघरातले काका तिच्यावर खूश. काकांची एक गंमत आहे. उंदीर मारला असं इथे कुणी म्हणत नाही, प्रबंधातही लिहीत नाहीत, सॅक्रिफाइस केला म्हणतात. काकांनी त्याचं मराठी करून टाकलंय. पिंजरे धुताना विचारतात, "काय ताई, आज किती जणांनी त्याग केला?"

१० फेब्रुवारी

चौथं पोहणं झालं. सगळे सारखे! अ एकशे चौतीस सेकंद, ब एकशे एकतीस, क एकशे बत्तीस, ड एकशे छत्तीस. चारही गट सारखेच निराश. औषधाने उंदरांच्या मनावर ओरखडासुद्धा उमटत नाहीये. हे असंच राहिलं तर माझ्या प्रबंधात लिहायचं काय? "काहीही झाले नाही. आभार."

११ फेब्रुवारी

मॅडम तीन वर्षांनी निवृत्त होणार. म्हणजे पीएच.डी.ला आता एकच विद्यार्थिनी घेणार, शेवटची. आज चहा घेताना सहज बोलल्यासारखं बोलल्या, "तुमच्या दोघींतली एक." आणि बघितलं पुण्यवतीकडे. माझ्याकडे बघितलं ते कप ठेवताना.

घरी वहिनी माझी पिवळी बोटं बघून म्हणाली, "हात तर पिवळे झालेच आहेत, आता नवरा तेवढा शोधायचा." उंदरांवर खुणा करायचा रंग आहे तो, आठवडाभर निघत नाही. दादा खो खो हसला. पप्पांचा फोन आला तर त्यांचंही ठरलेलंच – "पीएच.डी. मिळाली तर शीक. नाही तर जूनपासून काउंटरवर ये, मला कंबर धरते आता."

काउंटर मला ठाऊक आहे. लहानपणापासून बघतेय. "हिरव्या पाकिटातली गोळी द्या हो, कालच्यासारखी." अख्खा जन्म हिरव्या पाकिटातल्या गोळ्या! मी तिथे जाणार नाही. काही झालं तरी नाही.

१८ फेब्रुवारी

पुण्यवतीने आज तिच्या तीस मोठ्या उंदरांना मधुमेह दिला. "सॉरी हं बाळा" तीसदा. मी मोजलं.

मधुमेह देणारं ते औषध थेट स्वादुपिंडावर जातं. पेशी मरता मरता साठवलेलं सगळं इन्सुलिन एकदम ओततात, आणि मधुमेह व्हायच्या आधी साखर धाडकन उतरते. म्हणून पहिल्या संध्याकाळपासून साधं पाणी काढून ग्लुकोजच्या पाण्याच्या बाटल्या लावायच्या. नाही लावल्या तर सकाळी उंदीर नाहीत. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे पाठ असतं.

चार वाजता तिच्या भावाचा फोन आला. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्याचं आजच घेताहेत. रडवेली झाली. ॲप्रन काढता काढता मला म्हणाली, "अगं, सहा वाजता बाटल्या बदलशील? दहाच्या दहा भरून ठेवल्यात फ्रिजमध्ये. काका पाचला जातात गं."

"जा तू. मी आहे ना," मी म्हणाले.

सहाला गेले. फ्रिज उघडला. दहा बाटल्या ओळीने, प्रत्येकीवर तिच्या गोल अक्षरात पिंजऱ्याचा नंबर. एक उचलली. गार होती. परत ठेवली, फ्रिज लावला, दिवा घालवला आणि घरी आले.

विसरले असं इथे तरी कशाला लिहू? विसरले नाही. जिन्यात एकदा थांबलेसुद्धा. वाटलं, जावं परत, पाच मिनिटांचं काम. मग कप ठेवताना माझ्याकडे बघणाऱ्या मॅडम आठवल्या आणि मी खाली उतरले.

मी काही केलं नाही. अगदी शब्दशः – काहीच केलं नाही.

१९ फेब्रुवारी

एकवीस.

मी मुद्दाम उशिरा गेले. दारातूनच काकांचा आवाज आला. आज ते त्याग म्हणाले नाहीत. "मेले," म्हणाले. "पोरीचे एकवीस मेले." पुण्यवती जमिनीवर बसली होती. पिंजऱ्यांवर कालच्याच साध्या पाण्याच्या बाटल्या. उरलेले नऊ कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून पडलेले.

मॅडम आल्या. "बाटल्या कोण बदलणार होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. "मला कुणी काही बोललं नव्हतं, मॅडम." आवाज इतका साधा निघाला की मलाच खरं वाटलं.

"मी सांगितलं होतं तुला," ती हळूच म्हणाली.

"कधी गं?" मी म्हणाले. "तू फोनवर होतीस, घाईत होतीस. मनातल्या मनात म्हणाली असशील."

मॅडमनी एवढंच विचारलं, "पिंजऱ्याच्या कार्डावर लिहिलंस? बाटल्या कोण बदलणार ते?" नव्हतं लिहिलं. मॅडमचा दुसरा नियम – लिहिलं नाही ते झालं नाही. पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडतात.

आणि मग पुण्यवती म्हणाली, "हो मॅडम. माझंच चुकलं. मनातच म्हणाले असेन."

मला हसू येत होतं की रडू ते कळेना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, तेही केलं!

२० फेब्रुवारी

प्राणी-समिती नवे उंदीर सहा महिने तरी देणार नाही. म्हणजे तिचं वर्ष गेलं. तिच्या आईचा डोळा मात्र छान आहे म्हणे.

२४ फेब्रुवारी

काका पिंजरे धुताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "दहा बाटल्या भरलेल्या होत्या फ्रिजमध्ये. आपण लावायच्याच नसत्या तर माणूस भरेल कशाला? आणि कुणावर तरी सोपवल्याशिवाय जाईल कशाला?"

"मला काय विचारता?" म्हटलं.

"छे, तुम्हाला कुठे विचारतोय. उंदरांना विचारतोय." आणि नळ मोठा सोडला.

माझ्या मनाला काही लागलेलं नाही. खरंच नाही. चिडून मात्र आहे. एवढं सगळं झालं, ती शर्यतीतून बाहेर पडली, आणि तरी माझे उंदीर अजून सारखेच तरंगताहेत! सहावं पोहणं, आठवं पोहणं, तेच. एकटी उरले म्हणून मॅडम काही रिकाम्या प्रबंधावर मला घेणार नाहीत.

२७ फेब्रुवारी

पुण्यवती अजूनही रोज सकाळी येऊन माझ्या सुया भरते. स्वतःचं काम उरलेलं नाही, तरी वेळेवर. कागदाच्या ट्रेमध्ये चार ओळी, अ ब क ड, टोपणं घट्ट. तिचा चेहरा बघितला की मला तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. भांडत का नाही ही? एकदा तरी म्हणावं, तू खोटारडी आहेस!

आज जाताना दारात घुटमळली. म्हणाली, "एक सांगू? घड्याळ सांगेल तेच लिही हं. सारखे आले तर सारखे. मॅडम रागवत नाहीत त्याला."

वा! हिचे एकवीस मेले आणि ही मला शिकवणार. माझेही आकडे वाया जावेत, दोघी सारख्या बुडाव्यात, हीच इच्छा असणार. पुण्यवती कसली, आतल्या गाठीची आहे.

२८ फेब्रुवारी

क ला औषध आहे. नक्की. क मधले चावरे आहेत, तुरतुरीत आहेत, डोळे चमकतात. आणि पुण्यवती क ची ओळ भरताना जरा थांबते, मी पाहिलंय. ड ला कमी मात्रा असणार.

आज क चा उंदीर तरंगायला लागला तेव्हा अंगठा जरा उशिरा पडला. मुद्दाम? पहिल्याला नाही. दुसऱ्याला थोडा. सहाव्यापर्यंत सवय झाली. क एकशे आठ. ड एकशे एकोणीस. अ आणि ब जिथल्या तिथे.

शेवटी खोटं कुठे आहे त्यात? औषध आहेच. ते उघडपणे दिसत नव्हतं, एवढंच. मी त्याला थोडा हात दिला.

३ मार्च

क शहाण्णव.

६ मार्च

शेवटचं पोहणं संपलं. क एक्याऐंशी, ड एकशे चार. आलेख काढला, इतका देखणा की मोबाइलचा वॉलपेपर करावा! क ची रेघ अशी उतरते, उतरते, आणि दर वेळी थोडी जास्तच.

मॅडमनी चष्मा काढून दोनदा बघितला. "छान मांडलंय," म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण त्या हसतातच कुठे. "उद्या अकराला ये. लिफाफा तुझ्यासमोर उघडू. तिलाही बोलावते."

तिला कशाला? असू दे. बघू दे.

पप्पांना फोन करून सांगितलं की काउंटरवर दुसरं कुणी ठेवा. ते म्हणाले, "हुशार आहेस, बेटा." आजपर्यंत कधी म्हणाले नव्हते. वहिनीने दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. मी आनंदात आहे. हे नीट लिहून ठेवते – आनंदात आहे.

७ मार्च

अ – सलाईन. ब – सलाईन. क – सलाईन. ड – सलाईन. खाली तारीख पहिल्या दिवसाची, मॅडमची सही, पुण्यवतीची सही.

"पहिली फेरी मी सगळ्यांची अशीच घेते," मॅडम म्हणाल्या. "औषध तपासायला नाही, हात तपासायला. आजवर नऊ जणी रडत आल्या माझ्याकडे, सगळे गट सारखे आले म्हणून. हीसुद्धा आली होती. आलेख घेऊन आलेली तू पहिली." पुण्यवती खाली बघत होती. मग मॅडमनी तिला बाहेर बसायला सांगितलं, स्वतः उठून दार लावलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"आता त्या बाटल्यांचं पुन्हा एकदा सांग."