तौनोचा पूल आणि माझी दोन दिवसांची दुरुस्ती

३ नोव्हेंबर, सोमवार
चुलीतली राख काढली होती, बटाटे सोलून पाण्यात टाकले होते, दोन गालिचे अंगणातल्या बर्फावर पालथे घातले होते. आत येऊन नवऱ्याला, तौनोला, हाक मारली, कॉफी झाली. तो म्हणाला, थांब गं, एवढा पूल जोडतो. फेब्रुवारीतली साधी सकाळ. कॉफी गार झाली तेव्हा बघायला गेले. कॉम्प्युटरसमोर खुर्चीतच होता. गेला होता.
असो. हे लिहायला वही काढलेली नाही.
ठराव: तौनोचा कॉम्प्युटर ३० तारखेच्या चर्चच्या बाजारात देऊन टाकायचा. त्याची बहीण इर्मेली तो बाजार भरवते. पण मोडकी वस्तू दान केली तर या गावात दहा वर्षं बोलतात. आणि हा मोडका आहे. तौनोने गेममध्ये सहा वर्षं खपून एक शहर बांधलं. ते उघडायला गेलं की तीन मिनिटांत सगळं बंद. मला त्या शहराचं काही नाही. फक्त चाचणी म्हणून उघडते.
दोन दिवसांचं काम.

६ नोव्हेंबर
वाचनालयातून पुस्तक आणलं. शाळा नववीनंतर सुटली, पण पुस्तक समोर असलं की मला कुणी लागत नाही. पुस्तक म्हणतं: धूळ, उष्णता किंवा रॅम. धूळ आणि उष्णता दोन्हींवर उपाय एकच. कॉम्प्युटर उचलून व्हरांड्यात ठेवला, उणे नऊ अंशांत. गालिच्याच्या ब्रशने झाडला. आमच्याकडे कशालाही वास येऊ दे, ढेकूण होऊ दे, थंडीत टाकलं की सुधारतं.
आत आणल्यावर त्याला घाम फुटला. चष्म्याला फुटतो तसाच. पूर्ण दिवस वाळू दिला.
चार मिनिटं चालला. प्रगती आहे.

१० नोव्हेंबर
गेम म्हणतो, मेमरी अपुरी. म्हणजे अडगळ झाली. तौनो एल्क हरणांच्या शिकारमंडळाचा चिटणीस होता. अकरा वर्षांचे शिकारीचे व्हिडिओ, सभांची इतिवृत्तं, सगळं काढून टाकलं. हलकं वाटलं.
चार मिनिटं.

१२ नोव्हेंबर
वाचनालयात पिल्वी बसते, म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवते. तिला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुम्ही कपाट रिकामं केलंत. रॅम म्हणजे काम करायचं टेबल. कपाट रिकामं केलं म्हणून टेबल थोडंच मोठं होतं?
मी म्हटलं, मला माहीत होतं, खात्री करत होते.
संध्याकाळी शिकारमंडळाचा फोन. इतिवृत्तं हवीत. सांगितलं, दुरुस्तीला गेली आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार
पिल्वीने दिलेली रॅमची चाचणी पाच तास चालली. लाल ओळीच ओळी. लाल म्हणजे चूक, एवढं नववीपर्यंत शिकले आहे.
मध्येच इर्मेली आली. वेलचीचा पाव खाता खाता म्हणाली, हेल्मी, तू हे देणार आहेस की याच्याशी लग्न लावणार आहेस? मी म्हटलं, तीस तारखेला मिळेल. ती म्हणाली, चाचणीच करायची तर कुठलंही रिकामं शहर उघड की, त्याचंच कशाला? मी म्हटलं, जड पोतं ठेवल्याशिवाय तराजू खरा आहे का कळत नाही.
तिने दुसरा पाव घेतला. शेवटी तिचा भाऊ होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार
रॅमच्या दोन पट्ट्या. एक काढली, चाचणी. ती घातली, दुसरी काढली, चाचणी. पाच तास आणि पाच तास. शनिवारचा सॉना, वाफेची न्हाणी, तापवायचा राहिला. लग्नानंतर सॉनाशिवाय गेलेला हा पहिलाच शनिवार. फेब्रुवारीतलासुद्धा चुकला नव्हता.
डावी पट्टी खराब. काढून साखरेच्या भांड्यात ठेवली. आता एकच उरली. शहर नव्वद टक्के उघडतं आणि बंद.
टेबल अर्धं झालं. पण टेबल शाबूत आहे. म्हणजे काम जवळजवळ संपलं.

२५ नोव्हेंबर
पिल्वी म्हणाली, नवी पट्टी मागवा, दहा दिवसांत येईल. दहा दिवस नाहीत. मग म्हणाली, कपाटातला एक खण टेबलासारखा वापरता येतो, फक्त फार हळू चालेल. खण मोठा लागेल. आहे का जागा?
जागाच जागा. अकरा वर्षांचे एल्क गेले आहेत. मी उगाच काही करत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सव्वीस मिनिटं लागली. उघडलं.
तौनो जेवताना सांगायचा, चाळीस हजार वस्ती, सगळे खूश. वस्ती अकरा हजार आहे. अर्धे आजारी. नदीपलीकडे पाणी नाही, आठ ठिकाणी कचऱ्याचे ढीग. दर घरावर तक्रारीची खूण. आणि मी इतकी वर्षं हूं, हूं करत त्याला वाढत होते.
हसले. बऱ्याच महिन्यांनी हसू आलं.
पूल सापडला. पूर्ण आहे. फक्त पलीकडच्या काठाला रस्त्याचा एक चौकोन राहिला आहे.
दोन तास नुसती बघत बसले. काही जोडलं नाही, काही मोडलं नाही. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. म्हणजे दुरुस्त झाला. ठरल्याप्रमाणे उद्या सकाळी इर्मेलीकडे.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी बाजारात दोन गालिचे देऊन आले. इर्मेलीने कॉम्प्युटरचं विचारलं नाही. घरी येऊन कॉफी केली, कप आत नेला, त्याच्या खुर्चीत बसले आणि रस्त्याचा चौकोन जोडला. लगेच सेव्ह केलं. पहिली गाडी पुलाच्या मध्यावर आली आणि कॉम्प्युटर बंद पडला. कॉफी गरम होती तोवर प्यायले. नवी पट्टी मागवली. मग पुन्हा चालू केला.