मागनं जेवणाऱ्या आईला

आई, आज मी दिवेलागणीलाच जेवून घेतलं. ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, वाटीभर ताक; आणि मांडी घालून, नीट बसून. घरात अजून कुणी परतलेलं नव्हतं. हे ऐकून तू कपाळाला हात लावला असतास, ठाऊक आहे मला. पण तुझा साखरेचा आजार आता माझ्याकडं आलाय आणि त्याच्यापुढं मान तुकवायची नाही असं मी ठरवलंय. म्हणून तुझ्याशी बोलायचंय. थोडं भांडायचंही आहे.

लोक मला सांगतात, तुमच्या वेळचं खाणं किती सकस होतं. सकस होतंच की, पण ते जायचं कुणाच्या पोटात? सत्तर सालानंतरची ती वर्षं, भवानी पेठेतलं आपलं दोन खोल्यांचं घर. पहाटे तू चुलीपुढं बसलेली, परातीत भाकरी थापणं चाललेलं. वडलांचा डबा, आम्हा भावंडांचे डबे. त्यात भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, एखादी पालेभाजी. गिरणीचा भोंगा वाजतो आणि तू पदर खोचत निघतेस, पोटात नुसता गोड चहा. सूत गुंडाळायच्या खात्यात तू कामाला. जितकं सूत तितका पगार, म्हणून दुपारच्या सुट्टीतही तुझा हात थांबायचा नाही. चहाची किटली आत आली की त्यात पाव बुडवून तू उभ्याउभ्या खायचीस आणि घरी येऊन आम्हाला सांगायचीस, "जेवले की!" संध्याकाळी सगळ्यांची जेवणं उरकली की टोपल्यात उरेल ते तुझं. कधी अर्धी भाकरी आणि वाटीला चिकटलेली चटणी. कधी तेही नाही, मग पुन्हा चहाच.

एकदा कामावर तुला भोवळ आली, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर उभं करूनच सांगितलं होतं, "बाई, साखर बंद. वेळच्या वेळी जेवायचं, चहावर दिवस काढायचा नाही." तू "व्हय, व्हय" म्हणत मान हलवलीस आणि दुसऱ्या दिवसापासून चहात गूळ घालायला लागलीस. वर शेजारणीला ऐटीत सांगितलंस, "म्या साखर सोडली बगा." आठवलं की अजून हसू येतं, आणि हसताहसता तुझा रागही येतो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी, वडील यायच्या आधी, मी तुझं ताट वाढलं. "आये, बस. वेळेवर जेवा म्हनल्यात न्हवं डाक्टरीणबाई?" तू ताटाकडं असं बघितलंस, जसं मी तुला चोरीच करायला सांगतेय.

"पुरुषमाणसं उपाशी आन् मी आदी गिळू व्हय?"

"कोन बगतंय हितं?"

"मी बगतीया की!"

भाकरी तू परत टोपल्यात टाकलीस. तेवढ्यात वडील आले. मी त्यांच्याकडं गाऱ्हाणं केलं, तर चपला काढताकाढता म्हणाले, "जेवंल की ती मागनं. नगं कोन म्हंतंय?" खरंच, नको असं कुणीच म्हणत नव्हतं. मागं उरतं काय, ते मात्र कुणी बघत नव्हतं. पुढं तुझ्या पायाला जखम झाली आणि ती भरलीच नाही. मी शाळेत असतानाच तू गेलीस. लई चिडले होते तुझ्यावर, आई. अजून पुरती निवळलेली नाही.

आता चूल नाही, भोंगा नाही. मोबाइलवर बोट ठेवलं की दारात जेवण येतं, मैद्याच्या रोट्या आणि तेलाचा तवंग आलेली भाजी. घरचे दमून येतात, मागवतात आणि मला आग्रह करतात, "एका दिवसानं काय होतंय, आई?" त्यांचा हा एक दिवस रोजच उगवतो. म्हणून मी माझी भाकरी आधीच खाऊन मोकळी होते. एवढं मला जमलं.

पण सून! ती बँकेत जाते. सकाळी नवऱ्याचा डबा, लेकीचा डबा, आणि स्वतः ओट्याशी उभी राहून चहात बिस्कीट. मागच्या महिन्यात एकदा मी तिला म्हटलं, "बस, जेवून जा." ती म्हणाली, "अहो आई, यांचं होऊ दे. मी खाईन तिकडं काहीतरी." आणि माझा लेक मोबाइलमधून मानही वर न करता म्हणतो, "खाईल की ती." माझं डोकंच फिरलं. त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि म्हटलं, "ऊठ. डबे तू भर. ती आधी जेवेल." सून अवघडून बसली, दोन घास खाऊन उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून तिला बसवलं. अख्खी भाकरी संपेपर्यंत उठू दिलं नाही. लेकानं भाजी सांडली, कुरकुर केली. आता रोज कुरकुरत भरतो. भरू दे. मी आहे तोवर या घरातली बाई मागनं जेवणार नाही.

हे पत्र कुठं पाठवू? तुला तर वाचताही येत नव्हतं. वाचून दाखवायला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावं असंही वाटत नाही, कारण एक गोष्ट मी सुनेलासुद्धा सांगितलेली नाही. एकटी आधी जेवायला बसते ना, तेव्हा कुणी बघू नये म्हणून मी दाराला आतून कडी लावून घेते.