सगळ्यांच्या मागून हसणारी बाई

रविवार, संध्याकाळ. नाशिकच्या घरी.

ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून बाबा टीव्हीवर सगळं बघतात. माझी विनोदी मालिका आज पहिल्यांदा बघितली, तीही मी आलोय म्हणून. एकदाही हसले नाहीत. जाहिरात लागल्यावर म्हणाले, "ती एक बाई दरवेळी सगळ्यांच्या मागून हसते. कोण रे ती?"

म्हटलं, हशा रेकॉर्ड केलेला असतो, एडिटिंगला बसून मीच टाकतो. पहिल्या भागापासून तोच.

"म्हणजे तिने तुझी मालिका पाहिलेलीच नाही?"

म्हटलं, नाही. लेखक मी, निर्माताही मीच.

जेवलो, गच्चीत फेऱ्या मारल्या, ती बाई डोक्यातून जात नाहीये. कधीतरी कुणाच्या तरी विनोदाला ती खरंच हसली होती. सगळे थांबले तरी तिला थांबवेना. कुणी लिहिला असेल तो?