विचारल्यास सांगायची चार वाक्ये

तीर्थस्वरूप युनशिउताईस,

बेइजिंगहून धाकट्या शिहेंगचा नमस्कार. कमरेत उसण भरल्यामुळे तो वाकून केलेला नाही, उभ्याउभ्याच गोड मानून घे. आईचा गुडघा काय म्हणतो? भावोजींनी सिगारेट पुन्हा सोडली का? (गेल्या वर्षी चारदा सोडली होती, यंदाचा आकडा कळव.) इथे पॉपलरच्या झाडांचा कापूस उडू लागला आहे आणि सगळे परराष्ट्र खाते शिंकते आहे. अपवाद एकीचाच. तान यालान शिंकत नाही. कॅमेऱ्यासमोर शिंकायचे नसते हे तिच्या नाकाला जन्मतःच ठाऊक असावे.

मंगळवारचा तुझा निरोप मिळाला. तू गल्लीतल्या बायका माहजोंग खेळायच्या टेबलाभोवती जमवल्यास, फोन किटलीला टेकवून ठेवलास, आईला नवे जाकीट घालून पुढच्या खुर्चीत बसवलेस आणि तासभर वाट पाहूनही यालानच्या तोंडून माझे वाक्य काही आले नाही. "आईनं नुसतं जाकीट काढून घडी घालून ठेवलं," असे तू लिहितेस. ताई, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरे झाले असते. म्हणून घडले ते सविस्तर लिहितो. फोनवर सांगत नाही, कारण फोनवर तू मध्येच हसतेस.

यालान आणि मी आपल्या झिगोंगच्या शाळेत एका बाकावर होतो, हे आई अख्ख्या गल्लीला सांगते. माझ्या वहीत बघून तिने भूगोलाची नदी काढली होती, हे मात्र सांगत नाही. पुढे दोघांची परराष्ट्र खात्यात निवड एकाच वर्षी झाली. तिला जिनिव्हाला पाठवले. मला पाठवले पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर, ज्याचे नाव घ्यायला गेलीस तर जिभेला पेटके येतील. तिथे भाजी मिळत नसे. म्हणून वकिलातीच्या आवारात मी चार वर्षे कोबी लावला. ती जिनिव्हात फ्रेंच शिकली, मी कोंबडीच्या खताचे प्रमाण शिकलो. (राजदूतसाहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात 'पालेभाजीत विशेष गती' असा शेरा मारला. तो आजही माझ्या फायलीत आहे. त्या शेऱ्यावर बढती कुठल्या खात्यात मिळते, हे मी अजून शोधतो आहे.) परत आल्यावर ती पायरी पायरीने वर चढत थेट प्रवक्त्या झाली आणि मी 'बेटे' विभागात, जिन्याखालच्या खोलीत स्थिर झालो.

आता तू म्हणशील, जळतोस. छे! मी फक्त निरीक्षण करतो. रोज दुपारी तीन वाजता पत्रकार परिषदेत ती निळ्या पडद्यासमोर उभी राहते आणि आमच्या विभागातल्या बायका कामे टाकून तिच्या कोटाच्या पिनवरचा मोती पाहतात. खालच्या सलूनमध्ये तिच्या नावाचा हेअरकट निघाला आहे. मी गेलो तर न्हावी म्हणाला, "काका, तुम्हाला काय कापायचंय? आधी वाढू तरी द्या!" आणि आईने तिचा वर्तमानपत्रातला फोटो फ्रीजवर चिकटवला आहे. ताई, तो काढ. दूध काढताना रोज तिचे तोंड बघायचे म्हणजे दूध नासेल.

पण ती बोलते ती वाक्ये काही आभाळातून पडत नाहीत. प्रत्येक विभाग आपापली उत्तरे लिहून पाठवतो, ती सगळी तिच्या जाडजूड फायलीत जातात. प्रत्येक पानावर वर लिहिलेले असते, 'विचारल्यास'. माझेही एक पान त्यात आहे, सगळ्यात शेवटी. त्या बेटावरच्या मासेमारीच्या धक्क्याबद्दल चार वाक्ये. चौथे असे: 'समुद्र रुंद असतो, पण शेजाऱ्याचे मन त्याहून रुंद असावे लागते.' हे मला कोबीला पाणी घालताना सुचलेले वाक्य आहे. नऊ वर्षे ते फायलीत आहे. नऊ वर्षांत एकाही वार्ताहराने विचारले नाही. आई एक्याऐंशीची झाली. "तानांची पोर दिसते तरी, आमचा तिथं करतो काय देव जाणे," हे तिचे म्हणणे तूच मला कळवलेस. तेव्हा ठरवले, विचारत नाहीत तर विचारायला लावू.

हेन्रिक नावाचा एक म्हातारा नॉर्वेजियन वार्ताहर आहे. त्याला उकळत्या रश्श्यात बुडवून खायच्या मटणाच्या हॉटपॉटला नेले. तीन ताटे मटण आणि एक ताट कोबी झाल्यावर (कोबी जून होता, मी मालकाला सुनावले) त्याने मंगळवारी धक्क्याबद्दल विचारायचे कबूल केले. म्हणून तुला कळवले. म्हणून किटली, म्हणून जाकीट.

मंगळवारी हेन्रिक उठला. प्रश्न उत्तम विचारला. यालानने फाईल उघडली, शेवटपर्यंत चाळली, पुन्हा एकदा चाळली, मिटली आणि गोड हसून म्हणाली, "या विषयाची माहिती माझ्यापाशी नाही. कृपया संबंधित विभागाला विचारावे." दहा सेकंदांत नऊ वर्षे बुडवली. मी तिथल्या तिथे तिच्या सात पिढ्या उद्धारल्या. मत्सर म्हणतात तो हाच, दुसरे काय! चार वाक्यांचा उजेड दुसऱ्यावर पडू द्यायची तिची छाती नाही.

पुढे तर कहर झाला. संबंधित विभाग म्हणजे मी. माझा फोन, जो एरवी फक्त गरम पाण्याच्या तक्रारीसाठी वाजतो, तो वाजायचा थांबेना. आणि नियम असा की विभागाने बाहेर अवाक्षर बोलायचे नाही, बोलायचे ते प्रवक्त्यांनीच. अकरा वार्ताहरांना मी सांगितले, "कृपया प्रवक्त्यांना विचारावे." बारावा हेन्रिक.

"शिहेंग, संबंधित विभाग तूच ना रे?"

"या विषयावर फक्त प्रवक्त्याच बोलतात."

"मग मी तीन ताटं मटण कशासाठी खाल्लं?"

याचेही उत्तर विभागाला देता येत नाही. फोन ठेवला.

तर ताई, दोष कोणाचा हे तुला कळलेच असेल. आईला समजावून सांग. भावोजींना नमस्कार.

तुझा
पांग शिहेंग

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी टेबल आवरले, तेव्हा चहाच्या पेल्याखाली माझे पान सापडले. मंगळवारी सकाळी 'रुंद'च्या जागी 'विशाल' घालावे असे वाटून मीच ते फायलीतून काढून आणले होते. परत ठेवायचे राहिले. हे भावोजींना वाचून दाखवू नकोस.

दुसरा ता. क. एवढ्यात यालान जिना उतरून खोलीत येऊन गेली. म्हणाली, "शिहेंग, तुझं पान नव्हतं. 'विभागानं दिलंच नाही' असं मी म्हणाले असते, तर साहेबांनी तुला परत कोबी लावायला पाठवलं असतं. वाक्य मला पाठ आहे रे, पण कागद नसला की मला बोलता येत नाही." दारात थांबून म्हणाली, "'रुंद'च बरं होतं." मग तिने सणसणीत शिंक दिली. दिवसभराची साठवलेली असावी. मिरच्यांत परतलेल्या आपल्याकडच्या सशाच्या मटणाच्या दोन बरण्या पाठव. एक तिला. (बरं, दोन्ही तिला. दोन वर्षांत ती घरी गेलेली नाही.)

तिसरा ता. क. खरे काम हे. फ्रीजवरचा फोटो काढू नकोस. आईला आणि गल्लीला सांग की यालानने सगळ्या देशासमोर ज्याचे नाव घेतले, तो मीच. फोटोच्या खाली ठळक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटव: 'संबंधित विभाग: पांग शिहेंग'. आणि आईला जाकीट पुन्हा घालायला सांग.