तिसऱ्यांदा विचारायचं असतं

गनेट कोव्ह, न्यूफाउंडलंड
२१ जानेवारी

चि. डॉर्कस हिस गारठलेल्या हातांचे अनेक आशीर्वाद.

फोन मेला आहे, म्हणून कागद घेतला. बर्फ काढणाऱ्या गाडीवरचा सायलस हे तुझ्यापर्यंत पोचवीन म्हणाला आहे. तारांवर मनगटाएवढा बर्फ चढला, खांब आडवे झाले, आणि सबंध गाव अंधारात गेलं. सकाळी खिडकीशी उभा राहिलो तर झुडपाची काडी न् काडी काचेची! शाळेत मिस टिझार्डनी हिमवर्षावाची ती लांबलचक कविता आपल्याकडून दरडावून पाठ करून घेतली होती, आठवते? उभ्या उभ्या सगळी म्हणून टाकली. मधलं एक कडवंसुद्धा अडलं नाही. तुझी एफीवहिनी पलंगावरून म्हणाली, की त्या कवीच्या घरी लाकडं फोडायला दुसरं कुणीतरी असणार.

पण आज मी कवितेच्या लहरीत नाही, संतापलो आहे. नगरपालिकेने यंदापासून दारोदार माणसं पाठवायचं बंद करून यंत्र बसवलंय. वीज गेली त्या दुपारी, फोन अजून चालू होता तेव्हा, त्यातून एक बाई बोलली. मदत हवी असेल तर एक दाबा, नको असेल तर दोन. मी दोन दाबलं. दाबणारच! पहिल्या विचारण्याला हो म्हणायला आपण काय उपाशी आहोत? आपल्या गल्लीत पहिल्यांदा म्हणायचं, छे छे, आमचं छान चाललंय. दुसऱ्यांदा म्हणायचं, उगाच तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की मग, आता एवढं म्हणताच आहात तर. आपली आई चहालासुद्धा तिसऱ्या खेपेलाच बसायची. मी फोन कानाला धरून थांबलो. ती बाई आभारी आहोत म्हणाली, आणि खटकन बंद! ही काय विचारायची रीत झाली?

गल्लीत सगळ्यांनीच दोन दाबलं, हे शेजारच्या गस हिस्कॉककडून कळलं. म्हणून जनरेटरची गाडी टेकडीवरच्या नव्या घरांकडे चकरा मारते आहे आणि इकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्यांनी पहिल्या फटक्याला हो म्हटलं ना!

काळजी करू नकोस. चूल ढणढणते आहे, लाकडाची कोठी भरलेली आहे. एफीचं श्वासाचं यंत्र विजेवरचं, ते तेवढं बंद आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर भागतंय. दुसरं काल लावलं, एक शिल्लक आहे. तोवर येईल वीज.

रागावून का होईना, उत्तर दे.

तुझा
अँब्रोसदादा


सेंट जॉन्स
२३ जानेवारी

ती. अँब्रोसदादास शि. सा. न. पुढची विनंती आज गाळली आहे. हा हुकूम आहे.

पत्र वाचताना आधी हसले. शेवटाशी आले आणि टेबलावर असा हात आपटला की कपातला चहा बशीत आला. काचेची झुडपं, मिस टिझार्ड, आईचा चहा, सगळं ऐसपैस. आणि वहिनीचा श्वास कुठे, तर तळाशी, जाता जाता! एक सिलिंडर उरलंय आणि तू मानापमान मांडून बसलास? त्या यंत्राला काय तुझ्या पाया पडायला हवं होतं?

नगरपालिकेला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, की तुमच्या भावाची सगळी गल्ली सुखरूप आहे, त्यांनी स्वतःच कळवलंय. मी म्हटलं, बाई, त्या गल्लीत बुडणारा माणूससुद्धा पहिल्या दोराला नको म्हणतो. तिला कळलं नाही. मग मी ओरडले. ते कळलं. आज जनरेटर घेऊन दोन माणसं पाठवते म्हणाली, पण घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय ती आत पाऊल टाकणार नाहीत. आणि ती एकदाच विचारतील, दादा. एकदाच! वहिनीला दाराशी जाऊ देऊ नकोस. ती तुझ्याहून वरचढ आहे.

मी स्वतःच आले असते, पण पोलिसांनी हमरस्ता बंद केलाय. सायलसशिवाय कुणाला सोडत नाहीत. इथे बसून नुसती जळफळते आहे.

हो म्हण. मग खुशाल लोभ ठेव, नाहीतर ठेवू नकोस.

तुझी
डॉर्कस


गनेट कोव्ह
२५ जानेवारी

डॉर्कसवन्संना एफीचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र काल पोचलं. ती माणसं परवाच येऊन गेली होती. तुमचे दादा कोठीत लाकडं आणायला गेले होते, म्हणून दार मी उघडलं. उंच पोरगा होता, टोपीवर बर्फ. त्याने विचारलं, काकू, जनरेटर हवाय का? माझ्या नाकात नळी, शेवटचं सिलिंडर निम्म्यावर, आणि तोंड आपलं आपणच बोललं, की छे छे, आमचं छान चाललंय, हिस्कॉककडे न्या. तो बरं म्हणाला आणि वळला. मी दार धरून उभी. आता फिरेल, मग फिरेल. तो गाडीत बसला!

इतक्यात हे आले. माझ्या चेहऱ्यावरून समजले असावेत. हातातली लाकडं टाकली आणि पायमोज्यांवर, घसरत, गल्लीच्या मधोमध जाऊन ओरडले, की थांबा! माझ्या बायकोला श्वास पुरत नाही! आम्हाला मदत हवी आहे, आत्ता हवी आहे! माझ्या फुप्फुसांची हकिगत साऱ्या गल्लीला ऐकवली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गाडी थांबली. आणि हिस्कॉकांची खिडकी धाडकन उघडली. गसची बायको मर्टल किंचाळली, की आमची लाकडं कधीच संपलीत, आम्ही खुर्च्या जाळतोय! मागोमाग समोरचा पाईक दारात येऊन ओरडला, की त्याचे नळ फुटलेत, प्यायला पाणी नाही. एकेक दार उघडत गेलं, आणि जो तो दुसऱ्यावर चिडलेला, की सांगितलं का नाहीस? तुमचे दादा गसच्या अंगावर धावले. म्हणाले, लाकडं हवीत का म्हणून तुला विचारलं होतं ना रे गाढवा? गस लालबुंद होऊन म्हणाला, की दोनदाच विचारलंस!

तो उंच पोरगा बिचारा मधे उभा राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

जनरेटर कुंपणाशी घरघरतोय. माझं यंत्र चालू आहे. हिस्कॉक नवराबायको आमच्या चुलीपाशी मुक्कामाला आलीत, गुळाच्या पाकाशी पाव खातात. पाईक बर्फ वितळवून नेतो. तुमचे दादा पाय शेकत बसलेत, दोन बोटं अजून बधिर आहेत. गसला कविता ऐकवू पाहतात. तो पहिल्या खेपेलाच नको म्हणाला, आणि ते खरोखरचं नको होतं.

मी यांच्याशी परवापासून बोललेली नाही. मला आजारी काय ठरवलं, भर रस्त्यात! आज ते जवळ येऊन म्हणाले, की अजून किती रागावणार? मी मान फिरवली. वन्सं, त्या दिवशी दारात उभी होते तेव्हा साधं थांब म्हणायला दम नव्हता. आता रागावण्याइतका आहे, तर चार दिवस रागावून घेते.

रस्ता खुला झाला की या.

तुमची
एफी